बाळ मुलगा की मुलगी हे लगेच सांगता येत नाही तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळ जन्मलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. क्वचित कधीतरी बाळ तपासणारे डॉक्टर त्याचं उत्तर न देता "जरा थांबा, काही तपासण्या करू" म्हणतात, आणि आई-बाबांच्या पायाखालची जमीन सरकते. अशा घरांतून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो: मुलगा की मुलगी हा प्रश्न काही दिवस थांबू शकतो. बाळाच्या अंगात मीठ टिकतंय का, हा प्रश्न थांबू शकत नाही.

डॉक्टर "आत्ताच सांगता येत नाही" म्हणाले. म्हणजे नेमकं काय?

बाहेरून दिसणाऱ्या जननेंद्रियांची ठेवण नेहमीच्या दोन्हींपैकी एकीतही नीट बसत नाही, एवढंच. शिश्न फार लहान आहे की शिश्निका मोठी झाली आहे हे ठरत नाही, लघवीचं छिद्र टोकाऐवजी खाली असतं, किंवा पिशवी दिसते पण तिच्यात अंडकोष हाताला लागत नाहीत. साधारण साडेचार ते पाच हजार जन्मांमागे एका बाळाच्या बाबतीत असं होतं. पूर्वी यासाठी फार बोचरे शब्द वापरले जायचे. २००५ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी शिकागोला एकत्र बसून ते शब्द बाजूला ठेवले आणि "डीएसडी" हे नाव घेतलं. आपण "लैंगिक विकासातलं वेगळेपण" म्हणू. हे एकाच आजाराचं नाव नाही, त्यात अनेक आजार येतात आणि त्यांची कारणं व उपाय अगदी वेगवेगळे आहेत. म्हणून कुणाच्या ऐकीव गोष्टीवरून आपल्या बाळाचा अंदाज बांधू नये.

पण पोटात असताना असं होतं तरी का?

पहिले सहा आठवडे प्रत्येक गर्भ सारखाच असतो. त्याच्याकडे दोन्ही प्रकारच्या नळ्यांची जोडी असते आणि एक ग्रंथी असते, जी अंडाशयही होऊ शकते आणि अंडकोषही. वाय क्रोमोसोमवर (गुणसूत्रावर) एसआरवाय नावाचं जनुक असेल (ते १९९० मध्ये सापडलं), तर ती ग्रंथी अंडकोषाच्या वाटेने जाते.

मग तो अंडकोष दोन हार्मोन बनवतो. एएमएच नावाच्या हार्मोनमुळे गर्भाशय होऊ घातलेला भाग विरून जातो. दुसरं टेस्टोस्टेरॉन. बाहेरचे अवयव घडवण्यासाठी मात्र टेस्टोस्टेरॉन पुरेसं पडत नाही. त्याचं त्या जागीच डीएचटी या जास्त प्रभावी हार्मोनमध्ये रूपांतर व्हावं लागतं, आणि तिथल्या पेशींना त्याचा निरोप ऐकू यावा लागतो. एक्सएक्स बाळात (म्हणजे दोन एक्स क्रोमोसोम, वाय नाही) यातलं काही घडत नाही, म्हणून बाहेरची ठेवण मुलीची होते.

आता अडचण कुठे कुठे येऊ शकते ते पाहा. एक्सवाय बाळात हार्मोन बनलंच नाही, बनलं पण बदललं नाही, किंवा सगळं झालं पण पेशींनी ऐकलं नाही. एक्सएक्स बाळात याच्या उलट, जे हार्मोन एवढं नको होतं ते दुसऱ्याच ग्रंथीतून भरमसाट आलं. ही दुसरी ग्रंथी म्हणजे किडनीच्या डोक्यावर बसलेली अॅड्रिनल. गंभीर धोका बहुतेक वेळा तिथूनच येतो.

सीएएच, सीएएच म्हणतात तो हाच आजार का?

हो. पूर्ण नाव कन्जेनायटल अॅड्रिनल हायपरप्लेझिया, म्हणजे जन्मजात वाढलेल्या अॅड्रिनल ग्रंथी. या यादीत सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत जास्त घाई असलेला आजार हाच. त्याचं तीव्र रूप साधारण पंधरा हजार जन्मांमागे एका बाळात दिसतं.

अॅड्रिनल ग्रंथी कोलेस्टेरॉलपासून तीन प्रकारची हार्मोन बनवते. कॉर्टिसॉल आजारपणात आणि ताणात शरीराला उभं ठेवतं. अल्डोस्टेरॉन शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जाऊ देत नाही. तिसरी पुरुषी हार्मोन, जी मुलींमध्येही थोडी असतात. पहिल्या दोन्हींच्या वाटेवर २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम काम करतं. दर शंभरातल्या नव्वदहून अधिक रुग्णांत नेमकं हेच एन्झाइम कमी असतं किंवा नसतंच. कॉर्टिसॉल तयार होत नाही हे पाहून मेंदूखालची पिट्युइटरी ग्रंथी अॅड्रिनलला आणखी काम कर म्हणून हाकत राहते. ग्रंथी फुगते, कच्चा माल साठतो, आणि पुढची वाट बंद असल्याने तो तिसऱ्या वाटेने वळून पुरुषी हार्मोन बनतो.

मुलीच्या बाबतीत हे सगळं गर्भातच झाल्यामुळे तिची बाहेरची ठेवण मुलासारखी दिसू लागते. आत मात्र गर्भाशय आणि अंडाशय व्यवस्थित असतात. कधी कधी बदल इतका पुढे गेलेला असतो की बाळ मुलगाच वाटतं. म्हणून एक नियम लक्षात ठेवण्यासारखा: "मुलगा" दिसणाऱ्या नवजात बाळाचे दोन्ही अंडकोष हाताला लागत नसतील, तर "उतरतील नंतर" म्हणून सोडायचं नाही. सीएएच नाही हे आधी तपासायचं. १८६५ मध्ये नेपल्सच्या लुईजी दे क्रेकिओ यांनी पुरुष म्हणून जगलेल्या एका व्यक्तीच्या शवविच्छेदनात गर्भाशय, अंडाशय आणि मोठाल्या अॅड्रिनल ग्रंथी सापडल्याचं लिहून ठेवलं. या आजाराचं ते पहिलं नीट वर्णन मानलं जातं.

मुलग्यात हा आजार असेल तर दिसतो का?

इथेच खरा घात आहे. मुलगा बाहेरून अगदी नेहमीसारखा दिसतो. मुलीच्या वेगळ्या दिसण्यामुळे निदान तरी लवकर होतं, मुलगा मात्र हसतखेळत घरी जातो.

तीव्र आजार असलेल्या दर चार बाळांपैकी साधारण तिघांचं मीठ वाहून जातं. पहिले काही दिवस काही जाणवत नाही. मग बहुधा दुसऱ्या आठवड्यात बाळ दूध कमी पितं, उलट्या करतं, वजन वाढायच्या ऐवजी घटतं, मलूल पडतं. हे पोटाचं दुखणं किंवा जंतुसंसर्ग वाटू शकतं. रक्तात सोडियम खाली आणि पोटॅशियम वर, शिवाय साखर कमी, असं चित्र दिसलं की निदानाची दिशा मिळते. उशीर झाला तर रक्तदाब कोसळून बाळ दगावू शकतं. आधीचं एखादं बाळ पहिल्या महिन्यात कारण न कळता गेलं असेल, तर ते डॉक्टरांना न विचारताही सांगा. जुन्या दुःखाला हात घालायला जड जातं, पण त्या एका वाक्याने या बाळाचा जीव वाचू शकतो.

यावर नवजात बाळांची चाळणी-तपासणी हा उपाय आहे. टाचेतून रक्ताचे काही थेंब कागदावर घेतात आणि १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन म्हणजे तो साठलेला कच्चा माल मोजतात. साँग्या पँग यांनी १९७७ मध्ये ही पद्धत मांडली आणि पुढे अलास्कात ती वापरून पाहिली. तिथल्या युपिक लोकांमध्ये हा आजार जगात सर्वाधिक प्रमाणात आढळतो. आज अनेक देशांत प्रत्येक बाळाची ही तपासणी होते, पण सगळीकडे नाही, म्हणून "टाचेची तपासणी झाली का आणि तिच्यात सीएएच आहे का" हे विचारून घ्या.

टाचेच्या तपासणीत आकडा जास्त आला. म्हणजे आजार पक्काच?

नाही. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, आजारी किंवा कमी वजनाच्या बाळांत हा आकडा आजार नसतानाही चढतो. पहिल्या चोवीस तासांत घेतलेल्या नमुन्यातही तसंच होतं. पुन्हा तपासणी करूनच निदान होतं, तोवर सोडियम-पोटॅशियमवर लक्ष ठेवतात.

पहिल्या आठवड्यात कोणत्या तपासण्या होतात? सोडियम ठीक आलं तर घरी जायला हरकत नाही ना?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या तीन-चार दिवसांतलं चांगलं सोडियम काहीही सिद्ध करत नाही. मीठ गळायला त्यानंतर सुरुवात होते. शंका असेल तर सीएएच नाही हे नक्की होईपर्यंत बाळ डॉक्टरांच्या नजरेखाली हवं आणि ही रक्ततपासणी पुन्हा पुन्हा व्हायला हवी.

बाकी क्रोमोसोमची तपासणी, दोन दिवस उलटल्यावर १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, रक्तातली साखर, गर्भाशय आहे का हे पाहायला पोटाची सोनोग्राफी, आणि अंडकोषाच्या पेशी काम करतात का हे कळायला एएमएच. मुलग्यांच्या शरीरात पहिल्या ते तिसऱ्या महिन्यात टेस्टोस्टेरॉन आपणहून वर येतं, त्याला छोटी वयात येण्याची अवस्था म्हणतात. त्या दिवसांत केलेली तपासणी फार उपयोगी ठरते, ती संधी हुकली तर इंजेक्शन देऊन ग्रंथीला जागं करावं लागतं. शेवटी जनुकांची तपासणी. सीएएचमध्ये तीही जरा किचकट असते: सहाव्या क्रोमोसोमवरच्या सीवायपी२१ए२ या जनुकाच्या शेजारीच त्याची हुबेहूब पण निकामी प्रत बसलेली असते, आणि दोघांची अदलाबदल होते. म्हणून अहवालाला वेळ लागला तर प्रयोगशाळेला दोष देऊ नका.

एक्सवाय क्रोमोसोम आले, पण बाळ तर मुलीसारखं दिसतंय. अहवाल चुकला असेल का?

शक्यता कमी. क्रोमोसोम म्हणजे सगळं काही नव्हे, हे समजायला याहून चांगलं उदाहरण नाही.

अँड्रोजेन इनसेन्सिटिव्हिटी, म्हणजे एआयएस, यात एक्स क्रोमोसोमवरचं एक जनुक बदललेलं असतं. अंडकोष टेस्टोस्टेरॉन बनवतो, पण पेशींना ते ऐकूच येत नाही. पूर्ण प्रकारात बाळ जन्मतः स्वच्छ मुलगी दिसते आणि मुलगी म्हणूनच वाढते. एएमएच आपलं काम करून गेल्यामुळे गर्भाशय नसतं. वयात येताना टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होत असल्याने स्तन वाढतात, अंगावरचे केस फार कमी असतात आणि पाळी येत नाही. बऱ्याचदा निदान तेव्हाच होतं. लहानपणी मिळणारी एक खूण म्हणजे मुलीच्या जांघेत दोन्ही बाजूंना हर्निया. १९५३ मध्ये जॉन मॉरिस या स्त्रीरोगतज्ज्ञांनी अशा ८२ जणींची माहिती एकत्र मांडली. अपुऱ्या प्रकारात पेशींना अर्धवट ऐकू येतं, आणि बाळ पाहून काही ठरवणं अवघड जातं.

५-अल्फा रिडक्टेजच्या कमतरतेत टेस्टोस्टेरॉन आहे, पण त्याचं डीएचटी होत नाही. बाहेरची ठेवण मुलीसारखी किंवा संदिग्ध असते. वयात आल्यावर मात्र टेस्टोस्टेरॉन स्वतःच आपला प्रभाव दाखवतं: आवाज फुटतो, स्नायू भरतात, शिश्न वाढतं. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास गावात अशी बरीच मुलं होती. गावकरी त्यांना "गेवेदोसेस" म्हणत, म्हणजे "बाराव्या वर्षी अंडकोष". ज्युलियन इम्पेराटो-मॅक्गिन्ली यांनी १९७४ मध्ये याचं कारण जगासमोर मांडलं. गंमत म्हणजे या मुलांमध्ये प्रोस्टेट (पुरुषांतली मूत्राशयाखालची ग्रंथी) लहान राहते हे कळल्यावरच फिनास्टेराइड या औषधाची कल्पना पुढे आली, जे आज म्हातारपणी लघवीला अडथळा होणारे असंख्य पुरुष घेतात.

१७-बीटा एचएसडी३ या एन्झाइमच्या कमतरतेतही चित्र असंच दिसतं. तिथे मुळात टेस्टोस्टेरॉनच पुरेसं बनत नाही.

औषध आयुष्यभर घ्यावं लागेल?

सीएएचच्या तीव्र प्रकारात, हो. पण हा उपचार म्हणजे शरीराला जे बनवता येत नाही ते बाहेरून देणं. "स्टेरॉईड" हा शब्द ऐकून घाबरलेले नातेवाईक गोळी बंद करायला सांगतात, आणि या आजारातला सर्वांत घातक सल्ला बहुधा तोच. १९५० च्या सुमारास लॉसन विल्किन्स आणि फ्रेडरिक बार्टर यांनी कॉर्टिसोनचा उपाय दाखवला, त्याआधी मीठ गळणारी बहुतेक बाळं वाचतच नसत.

वाढत्या मुलांना हायड्रोकॉर्टिसोन देतात, साधारण शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे दिवसाला १० ते १५ मिलिग्रॅम, तीन डोसांत विभागून. जास्त काळ टिकणारी, जास्त ताकदीची स्टेरॉईड लहानपणी टाळतात, कारण ती उंची खातात. मीठ टिकवायला फ्लुड्रोकॉर्टिसोन, आणि पहिल्या वर्षात दिवसाला एक ते दोन ग्रॅम मीठ, दुधात किंवा पाण्यात विभागून. आईच्या दुधात मीठ कमीच असतं, त्यामुळे हे वेगळं द्यावंच लागतं. बाळाला मीठ देताना आजी दचकेल, तिला आधीच समजावून ठेवा.

डोस बरोबर ठेवणं हीच खरी तारेवरची कसरत. जास्त झाला तर वजन वाढतं आणि उंची खुंटते. कमी पडला तर पुरुषी हार्मोन वाढतात, मूल आधी भराभर उंच होतं आणि मग हाडं लवकर जुळून बुटकं राहतं. म्हणून तान्ह्या वयात दर काही आठवड्यांनी तपासायला बोलावतात. २०२४ च्या अखेरीस क्रिनेसरफॉन्ट नावाच्या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. ते पिट्युइटरीची हाक कमी करतं, त्यामुळे स्टेरॉईडचा डोस खाली आणता येतो. पण ते चार वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी आहे आणि हायड्रोकॉर्टिसोनची जागा घेत नाही.

ताप आला, उलट्या झाल्या तर?

निरोगी शरीर आजारपणात कॉर्टिसॉल वाढवतं. या मुलांना ते जमत नाही, म्हणून आपण वाढवायचं. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप असेल तर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट, ३९ च्या वर तिप्पट, ही सर्वसाधारण पद्धत. आपल्या बाळाचे नेमके आकडे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. साखर घातलेलं काहीतरी थोडं थोडं पाजत राहा, कारण रक्तातली साखर घसरते.

गोळी उलटून पडली, मूल सुस्त झालं, जागं होईना, तर वाट पाहायची नाही. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मांडीत द्यायचं, तान्ह्या बाळाला सहसा २५ मिलिग्रॅम, आणि मग दवाखान्यात धावायचं. आधी इंजेक्शन, मग प्रवास. नको असताना दिलेल्या एका डोसाने नुकसान होत नाही, हवा असताना न दिलेल्याने होतं. कुठल्याही ऑपरेशनपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही आजार सांगायचा.

लहानपणीच ऑपरेशन करून "सगळं नीट" करून घ्यावं का?

यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि ते आई-बाबांपासून लपवू नयेत. लघवीला अडथळा असेल, वारंवार संसर्ग होत असेल, किंवा पोटात राहिलेल्या अर्धवट घडलेल्या ग्रंथीत गाठ होण्याचा धोका मोठा असेल, तर ऑपरेशनला वैद्यकीय कारण आहे. धोका प्रत्येक आजारात सारखा नसतो: पूर्ण एआयएसमध्ये वयात येण्यापूर्वी तो कमी असतो, म्हणून त्या ग्रंथी आता घाईने काढत नाहीत, शरीराला त्यांच्याच हार्मोनवर वयात येऊ देतात.

नुसतं दिसणं बदलण्याचं ऑपरेशन वेगळं. त्यात संवेदना कमी होऊ शकते, पुन्हा पुन्हा टाके पडू शकतात, आणि ज्याच्या शरीरावर ते होतं त्याला कुणी विचारलेलं नसतं. माल्टाने २०१५ मध्ये कायदा करून मुलाच्या संमतीशिवाय, टाळता येण्याजोगी अशी ऑपरेशनं करायला बंदी घातली. माझं मत विचाराल तर, लोक काय म्हणतील या एकाच कारणासाठी तान्ह्या बाळाला टेबलावर झोपवू नये. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, आणि "थांबलो तर बाळाचं काय नुकसान होईल?" असं सरळ विचारा. उत्तर बाळाबद्दल नसून नातेवाइकांबद्दल निघालं, तर थांबा.

पुढे बाळ स्वतःला काय समजेल?

खात्री कुणीच देऊ शकत नाही, कुठल्याच बाळाबद्दल. तरी आजारानुसार अनुभव वेगळा आहे. सीएएच असलेल्या, मुलगी म्हणून वाढलेल्या बहुतेक जणी स्वतःला मुलगीच मानतात. त्यांच्यातल्या अनेकींना गाड्या, चेंडू, धिंगाणा जास्त आवडतो, पण आवडीचे खेळ आणि स्वतःची ओळख या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पूर्ण एआयएसमध्येही ओळख बहुधा मुलीचीच. ५-अल्फा रिडक्टेजमध्ये मात्र मुलगी म्हणून वाढवलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त जण वयात आल्यावर पुरुष म्हणून जगू लागतात. म्हणूनच आधी निदान, मग नाव.

मूल होईल का?

सीएएच असलेल्या स्त्रियांना उपचार नीट चालू असतील तर गर्भ राहू शकतो. पुरुषांनी अंडकोषाची सोनोग्राफी अधूनमधून करावी, कारण तिथे अॅड्रिनलसारख्या पेशींच्या साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठी होऊन वंध्यत्व येऊ शकतं. पूर्ण एआयएसमध्ये गर्भ राहणं शक्य नाही.

माझ्याकडून गरोदरपणात काही चुकलं का? पुढच्या बाळालाही होईल?

खाण्यापिण्याने, कामाने, रागावण्याने हे होत नाही. सीएएचमध्ये आई आणि बाबा दोघांकडून एकेक बदललेलं जनुक आलेलं असतं. दोघंही वाहक आणि दोघंही ठणठणीत. प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक. "एकदा झालं, आता तीन बाळं सुटली" असा हिशेब मात्र नसतो. ५-अल्फा रिडक्टेजचंही तसंच. रक्ताच्या नात्यातल्या लग्नांत हे आजार जास्त दिसतात. एआयएस एक्स क्रोमोसोमवरून येतो. आई वाहक असेल तर प्रत्येक एक्सवाय बाळाला निम्मी शक्यता, आणि काही वेळा तो बदल बाळातच नव्याने झालेला असतो. अशा वेळी मावशीचीही तपासणी करायची का, हे जनुक-समुपदेशक सांगतील.

गर्भातल्या मुलीची ठेवण बदलू नये म्हणून आईला डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड देण्याचा उपाय तुमच्या कानावर येईल. मान्यताप्राप्त संशोधनाबाहेर तो देऊ नये, असं तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण ज्या बाळांना आजारच नाही अशी कितीतरी बाळंही त्या औषधाखाली येतात.

आणखी दुर्मिळ प्रकार कोणते?

थोडक्यात. ११-बीटा हायड्रॉक्सिलेजची कमतरता हा सीएएचचाच एक प्रकार, त्यातही मुलीची ठेवण तशीच बदलते, पण रक्तदाब वाढतो. १७-अल्फा हायड्रॉक्सिलेजमध्ये रक्तदाब वाढतो आणि लैंगिक हार्मोनच बनत नाहीत. अॅरोमॅटेजच्या कमतरतेत गरोदरपणात आईलाच चेहऱ्यावर केस येतात, आवाज घोगरा होतो, ही खूण कुणी विचारत नाही म्हणून सांगा. आणि मुलाचं शिश्न ओढून मोजल्यावर अडीच सेंटिमीटरहून कमी, त्यात साखर वारंवार घसरते आणि कावीळ रेंगाळते, असं असेल तर पिट्युइटरी तपासायला हवी.

नातेवाईक विचारतात, काय सांगायचं?

"बाळाच्या हार्मोनच्या तपासण्या चालू आहेत, कळलं की सांगू." यात एकही शब्द खोटा नाही. जन्मनोंदणीची मुदत डॉक्टरांना विचारा, तोवर अंदाजाने रकाना भरू नका.

दवाखान्यातून घरी जाताना काय विचारून घ्यावं?

निदानाचं पूर्ण नाव लिहून घ्या. तापातले डोस, रात्री-अपरात्री लावायचा फोन, पुढच्या रक्ततपासणीची तारीख, गोळीचे तुकडे किंवा पूड नेमकी कशी करायची, हेही. आजाराचं कार्ड बाळाच्या पिशवीत ठेवा. आणि इंजेक्शन कसं भरायचं ते नुसतं पाहू नका. नर्ससमोर एकदा स्वतः पाण्याने भरून दाखवा, मग घरातल्या आणखी एकाला भरायला लावा.